एका गुलाबी खोक्याचं रसग्रहण

मराठीत समीक्षेला कशाचंच वावडं नाही. नाटकावर समीक्षा होते, नाटकाच्या नेपथ्यावर होते, कवितेवर होते आणि त्या कवितेवर आधी कुणी लिहून ठेवलेल्या समीक्षेवरही होते. खाण्यावरही हल्ली पुष्कळ लिहितात, पण ते महागड्या खाण्यावर. तिथे भल्या मोठ्या पांढऱ्या ताटलीच्या मधोमध सुपारीएवढं काहीतरी ठेवलेलं असतं, आणि उरलेल्या रिकाम्या जागेत लिहिणाऱ्याला अर्थ सापडत जातो. स्वस्त खाण्याच्या वाट्याला मात्र तीन शब्द येतात : ‘स्वस्त आणि मस्त’. चित्रकलेच्या मास्तरांनी वही न उघडताच ‘ठीक’ असा शेरा मारून सही ठोकावी, तसले हे तीन शब्द. त्यात पदार्थाबद्दल काही नसतं; असलंच तर बोलणाऱ्याच्या खिशाबद्दल असतं.

म्हणून चार डॉलरला तीन या भावाने मिळणाऱ्या एका चिनी करंजीवर रीतसर समीक्षा लिहायची मी ठरवली आहे. आशय, आकृतिबंध, अभिव्यक्ती, सगळं. वाचकांनी घाबरून जाऊ नये, मधे मधे खायला मिळेल.

स्थळ : सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन. आमचे चिरंजीव तिथून तासाभरावर सनीवेलला असतात. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना एक आजार होतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात कुणी नाही, रस्त्यावर माणूस नाही, आणि टी.व्ही. लावायला तीन रिमोट. हा आजार आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात जडला. आगगाडीत बसून शहरात जाणे हा त्यावरचा उतारा. शहरात माणसं असतात. चायनाटाउनात तर इतकी असतात की धक्का लागतो. दोन आठवडे निर्मनुष्य फुटपाथ पाहिल्यावर कुणाचा तरी चांगला दणदणीत धक्का लागण्यात काय सुख आहे, ते दादर स्टेशनावर आयुष्य काढलेल्या माणसालाच कळेल.

चायनाटाउनात रस्ते बरेच आहेत, पण समीक्षेच्या दृष्टीने दोन. खाली ग्रँट अव्हेन्यू आणि एक चढ चढून गेलं की त्याच्या डोक्यावर स्टॉक्टन स्ट्रीट. ग्रँट अव्हेन्यूच्या तोंडाशी १९७० साली उभारलेलं हिरव्या कौलांचं प्रवेशद्वार आहे, पुढे लाल कंदील आणि वळणदार छपरांच्या इमारती. ती छपरं बघून पाहुणे माना मागे टाकतात आणि म्हणतात, अहाहा, काय अस्सल चीन! यातली गंमत अशी, की १९०६ च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत जुनं चायनाटाउन जळून गेलं, तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांचा बेत चिन्यांना तिथून उठवून गावाच्या पार टोकाला नेऊन बसवायचा होता. जागा मोक्याची होती ना! पण चिनी व्यापारी हुशार. त्यांनी गोरे वास्तुशिल्पी गाठले आणि गोऱ्या पाहुण्यांना ‘चिनी’ वाटतील अशा इमारती त्यांच्याकडूनच झटपट उभ्या करून घेतल्या. बघायला माणसं लोटली, पैसा आला, उठवणारे गप्प बसले. म्हणजे ग्रँट अव्हेन्यू हे नेपथ्य आहे. उत्तम नेपथ्य आहे, त्याने वस्ती वाचवली, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण प्रयोग वरच्या मजल्यावर, स्टॉक्टन स्ट्रीटवर चालू असतो. तिथे फुटपाथवर आलेली भाजीची खोकी आहेत, टपातले मासे आहेत, आणि पिशव्या घेतलेल्या चिनी आज्या आहेत. या आज्या चार फूट आठ इंचांच्या वर नसतात आणि त्यांचं कोपर बरोबर आपल्या बरगडीला येतं.

ज्या बेकरीबद्दल मी लिहितो आहे तिचं नाव सांगत नाही. एकतर रांग आधीच फुटपाथवर आलेली असते. आणि दुसरं म्हणजे तिच्यासारख्या तिथे आणखी आहेत. एकीचं कौतुक केलं तर शेजारणीचा मान जायचा.

दुकान म्हणजे आपल्या एखाद्या इराण्याच्या हॉटेलातून टेबलं, खुर्च्या, आरसे आणि इराणी काढून टाकले तर जे उरेल ते. समोर काचेचं कपाट. डाव्या अंगाला भाजलेले पदार्थ ट्रेमध्ये ओळीने निजलेले. उजव्या अंगाला वाफेच्या ढगात उकडीचे. बसायला जागा नाही. भिंतीवर चिनी अक्षरांत यादी, तिच्या पोटात बारीक इंग्रजी, आणि पैसे रोख द्यावेत अशी पाटी. काउंटरमागे तीन बाया. त्यांच्यापैकी मधली बाई ‘नेक्स्ट!’ म्हणते. हा शब्द ती ज्या तऱ्हेने म्हणते त्यावरच एक परिच्छेद लिहायला हवा. त्यात प्रश्न नाही, निमंत्रण नाही, राग तर मुळीच नाही. एस.टी.चा कंडक्टर घंटीची दोरी ओढतो, त्यात जेवढी भावना असते तेवढीच. तुम्ही बोट दाखवायचं, संख्या सांगायची, पैसे ठेवायचे. मग गुलाबी पुठ्ठ्याचं खोकं तुमच्याकडे सरकतं आणि त्या क्षणी तुमचं अस्तित्व संपतं. ‘नेक्स्ट!’

या दुकानांबद्दल बोलताना ‘पण बाया फार तुसड्या हं’ असं म्हणायची पद्धत आहे. आमच्या चिरंजीवांनीही जाण्यापूर्वी बजावलं होतं, “बाबा, सर्व्हिसची अपेक्षा ठेवू नका.” समीक्षक म्हणून मला हा आक्षेप गैरलागू वाटतो. अमेरिकेत इतरत्र आम्ही जिथे जिथे खायला गेलो तिथे तिथे एक तरुण येऊन आपलं नाव सांगे, आमचा दिवस कसा चाललाय ते विचारी, आणि आम्ही घास तोंडात घातला की नेमका त्याच वेळी, सगळं छान आहे ना, म्हणून चौकशी करून जाई. इतक्या मायेने माझी चौकशी माझ्या मुंजीतही कुणी केली नव्हती. मग बिल येई आणि त्याखाली अठरा, वीस, बावीस टक्के असे तीन आकडे. तेव्हा कळे की आपला दिवस कसा चाललाय हे विचारण्याचे पैसे वेगळे आहेत. स्टॉक्टन स्ट्रीटवर माझ्या दिवसाची चौकशी कुणी करत नाही आणि त्याचे पैसेही लावत नाही. शिवाय ही बाई माझ्याशी जशी वागली तशीच माझ्या पुढच्या सुटाबुटातल्या गोऱ्या गृहस्थाशी वागली, आणि तशीच माझ्यामागच्या, तिच्याच भाषेत बोलणाऱ्या आजीशीही. परदेशात गेलेल्या माणसाला अशी समान वागणूक सहजासहजी मिळत नाही.

आता मूळ पदार्थाकडे वळण्याआधी नावाची फोड. ‘डिम सम’ या दोन चिनी अक्षरांचा शब्दशः अर्थ काळजाला हलकेच स्पर्श करणे असा होतो, आणि ते ज्या निमित्ताने खायचं त्या बैठकीला कँटनी भाषेत ‘यम चा’ म्हणतात. म्हणजे चहा पिणं. चहा पिणं म्हणायचं आणि वीस प्रकारचं खायचं! मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘या एकदा चहाला’ म्हणजे पोहे, वर लाडू, नको नको म्हणताना चिवडा, आणि सगळ्यात शेवटी, तोपर्यंत गार झालेला चहा. शब्दसुद्धा त्यांचाच. ते ‘चा’ म्हणतात, आपल्याकडे कोकणात ‘च्या’ म्हणतात; मधल्या सगळ्या प्रवासात जेमतेम एक जोडाक्षर वाढलं. हाँगकाँगमध्ये दुधाचा कडक चहा करतात तो ज्या लांबट कापडी गाळणीतून गाळतात ती चहाने रंगून मोज्यासारखी दिसते, म्हणून त्याला रेशमी मोज्याचा चहा असं नाव पडलं. आपल्या अमृततुल्यवाल्याचं फडकं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे नाव कवीचं वाटणार नाही, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचं वाटेल.

आमच्या मनातला चिनी स्वयंपाक म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची लाल अक्षरांची गाडी. त्यातलं मंच्युरियन तर नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईत जन्माला घातलं असं सांगतात. मंच्युरियाचा त्याच्याशी पुण्याच्या मिसळीइतकाच संबंध. त्या गाडीवर वाढलेल्या माणसाने स्टॉक्टन स्ट्रीटवरच्या काचेसमोर उभं राहिलं, की लाल रंग शोधणाऱ्या डोळ्यांना प्रथम काहीच दिसत नाही. सगळं पांढरं, पिवळसर, बदामी. पाहुण्यांपुढे नटूनथटून न आलेलं खाणं.

तर आमची करंजी. तिचं नाव हार गाव. आत कोळंबी, बाहेर पारदर्शक पारी, आकार अर्धचंद्राचा. आम्ही खोकं घेऊन जवळच्या एका चढाच्या पायरीवर बसलो. सौ.ने पहिली हार गाव उचलली, खाल्ली नाही. उजेडात धरली आणि मोजायला लागली.

“अहो, आठ.”

“काय आठ?”

“कळ्या. आठ आहेत. एकाच बाजूला. दुसरी बाजू गुळगुळीत.”

माझ्या सौ.चा जन्म रत्नागिरीचा. गणपतीत उकडीचे मोदक करताना अकराच्या खाली कळी गेली की तिच्या आईचा चेहरा कसा होई ते मी पाहिलेलं आहे. जाणकारांच्या मते चांगल्या हार गावला निदान सात चुण्या हव्यात आणि दहाच्या पुढे गेल्या तर उत्तम, हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिने ‘मग आठ म्हणजे सेकंड क्लास’ असा निकाल दिला. पण खाल्ल्यावर ती गप्प झाली. नंतर म्हणाली, “ही तांदळाची उकड नाही. चीक आहे. कुरडईचा चीक.”

ही अंतर्दृष्टी माझ्यासारख्या पुस्तकी समीक्षकाला झाली नसती. हार गावची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते. गव्हातला चिवट भाग धुऊन काढून टाकायचा, उरलेलं पांढरं सत्त्व घ्यायचं, त्यात थोडं टॅपिओकाचं, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाचं पीठ मिसळायचं आणि वरून कढत पाणी ओतून मळायचं. आपल्याकडे तीन दिवस गहू भिजवून, वाटून, पिळून जो चीक काढतात तो हाच. आपण त्याच्या कुरडया घालून उन्हात वाळवल्या. त्यांनी त्याला कोळंबीवर पांघरलं. चिवट भाग काढून टाकल्यामुळे या पिठाला ताण म्हणून सोसत नाही. लाटायला गेलं तर फाटतं. म्हणून कसबी कारागीर तेल लावलेल्या सुऱ्याचं चपटं पातं त्यावर दाबून एक फिरकी देतात आणि पारी पसरतात. मग मऊ असतानाच बोटांनी चुण्या घालायच्या. सावकाश केलं तर पीठ गार होऊन तडकतं, घाई केली तर सारण बाहेर. वाफ थोडी कमी पडली तर पारी पिठूळ, जास्त झाली तर खोक्याला चिकटून बसते आणि उचलताना कोळंबीचं वस्त्रहरण होतं. आतली कोळंबी बाहेरून गुलाबी दिसली पाहिजे, आणि दाताखाली कट्‌ असा आवाज करून तुटली पाहिजे. आशय आणि आकृतिबंध एकजीव असावेत असं आमच्या कॉलेजात चार वर्षं शिकवलं. ते दिसतं कसं, हे त्या पायरीवर कळलं.

दोषही सांगतो, नाहीतर ही जाहिरात होईल. तिसरी हार गाव तळाला फाटली. आणि या पदार्थाचं आयुष्य दहा मिनिटांचं आहे. त्यानंतर पारी ताठरते आणि ती खाताना मेणबत्तीशी ओळख झाल्यासारखी वाटते. घरी नेऊन खाऊ म्हणणाऱ्याने ती घेऊच नये.

बाकीच्या खोक्याबद्दल भराभर. श्यू माय : डुकराचं मांस आणि कोळंबी, वरून उघडं, पिवळ्या कागदासारखी पारी. सौ. खात नाही, मी खाल्लं. मीठ अंमळ जास्त. मुळ्याचा केक नावाचा एक प्रकार आहे. किसलेला मुळा, तांदळाचं पीठ, त्यात वाळवलेली कोळंबी म्हणजे आपले सोडे. हे आधी उकडतात, मग वड्या पाडून तव्यावर खरपूस करतात. यालाच कोथिंबिरीऐवजी मुळ्याची कोथिंबीरवडी म्हणायला माझी हरकत नाही. आम्हाला मिळाली ती गार होती. गार कोथिंबीरवडी चालते. गार मुळ्याचा केक हा मुळाच असतो. तांदळाच्या पातळ पापुद्र्याची गुंडाळी मिळते, तिच्यापुढे आपली सुरळीची वडी चवीत पुढे आणि पोतात मागे. कोंबडीच्या पायांना त्यांनी फिनिक्स पक्ष्याचे पंजे असं नाव दिलं आहे. नाव उदात्त असलं तरी नखांचा प्रश्न राहतोच. मी आस्वादकाच्या मर्यादा ओळखून पुढे सरकलो.

मग पाव. चार स्यू बाव म्हणजे गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सारण भरलेला पाव. उकडलेला असेल तर पांढरा आणि वरून तीन ठिकाणी उकललेला, जणू हसतोय. भट्टीतला असेल तर तुकतुकीत बदामी. ‘पाव’ आणि ‘बाव’ ऐकून माझ्यातला भाषाशास्त्रज्ञ ताडकन उठला होता, पण त्याला पुन्हा बसवावं लागलं. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा बाव ‘गुंडाळणे’ या चिनी शब्दातला. आडनाव सारखं असलं म्हणून सगळे जोशी एका घरचे नसतात. अननसाच्या पावात अननस नसतो. वरचं साखरेचं कवच तडकून अननसाच्या सालीसारखं दिसतं, एवढ्यावर ते नाव मिळालं. २०१४ साली हाँगकाँगने हा पाव करण्याची कला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली. कुणी हसू नये. आपण भाकरी थापण्याची कला अजून कुठल्या यादीत घातलेली माझ्या तरी ऐकिवात नाही. पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो कॉकटेल पाव. त्यात दारू नसते. आदल्या दिवशीचे उरलेले पाव टाकवेनात, म्हणून हाँगकाँगच्या बेकरीवाल्यांनी ते कुस्करून साखर-खोबऱ्यात घोळवले आणि नव्या पावात भरले, अशी त्याची जन्मकथा सांगतात. शिळ्या पोळीचा लाडू ज्यांनी खाल्लाय त्यांना या पावाच्या आईचा स्वभाव ओळखू यावा.

तिळाच्या गोळ्यातल्या सारणावर सौ.चा अभिप्राय असा : “पुरण चांगलं शिजलंय, पण जायफळ नाही, वेलदोडा नाही. गूळ तर नाहीच.” सारण लाल चवळीसारख्या एका कडधान्याचं होतं, आणि तिच्या अभिप्रायात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. अंड्याच्या टार्टबद्दल मात्र आमचं एकमत झालं. पापुद्र्यांची वाटी, तिच्यात जेमतेम थिजलेलं पिवळंधमक कस्टर्ड, कोमट. मकावमध्ये याचा करपलेल्या डागांचा भाऊ प्रसिद्ध आहे. तो पोर्तुगीज घराण्यातला खरा, पण तिथे त्याला नाव मिळवून दिलं अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रजाने, १९८९ साली. डागांशिवायचा हा कँटनी टार्ट मला अधिक भावला. दुसरा खाताना मी बोललो नाही, आणि मी न बोलणं हीच आमच्या घरात सर्वोच्च पावती मानतात.

एकूण बिल दोघांचं मिळून एकोणीस डॉलर, आणि पोट तुडुंब. त्याच दिवशी दुपारी, खाली उतरल्यावर, एका नीटस दुकानात आम्ही एक फ्रेंच क्रोसाँ घेतला. एक. सहा डॉलर. छान होता. पापुद्रे होते, लोणी होतं, आणि तो हातावर ठेवताना त्या मुलीने त्यातलं लोणी कुठल्या गावच्या गाईंचं आहे तेही सांगितलं. आता मला सांगा, पापुद्रे तर त्या टार्टच्या वाटीलाही होते. हार गावच्या आठ चुण्या कुणीतरी बोटांनी घातलेल्या आहेत. मैदा, साखर, कोळंबी, भाडं यांचे भाव त्या शहरात फ्रेंचाला एक आणि चिन्याला एक असे नसतात. मग स्वस्ताई येते कुठून? ती बोटांतूनच येणार, दुसरीकडून यायला जागा नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक कृष्णेंदु राय यांनी २०१६ साली ‘द एथ्निक रेस्टॉरेटर’ या पुस्तकात यावर विचार केला आहे. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं, की परक्या देशाच्या खाण्याला माणसं किती पैसे मोजायला तयार होतात हे चवीवर कमी आणि तिथून आलेल्या माणसांची समाजात काय पत आहे यावर जास्त ठरतं. जपानी खाणं जपानबरोबर वर चढलं. चिनी खाण्याला गिऱ्हाईक तुडुंब, पण भाव चढवला की तेच गिऱ्हाईक नाक मुरडतं. याला इतिहासही आहे. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. ते १९४३ साली किलकिलं झालं. मधल्या काळात व्यापाऱ्यांना तेवढी मुभा होती; १९१५ साली एका न्यायालयाने हॉटेलमालकालाही व्यापारी मानलं आणि मग हॉटेलं भराभर निघाली. म्हणजे ज्याला आपण ‘यांच्या रक्तातच स्वयंपाक आहे’ म्हणतो, त्यातला बराचसा इमिग्रेशनच्या कागदपत्रांतही आहे. पुढे १९६५ चा कायदा आला आणि दार खऱ्या अर्थाने उघडलं. त्याच दाराने आमचे चिरंजीवही आत गेले, इतकंच, की ते संगणक घेऊन गेले आणि त्या बाया बोटं घेऊन गेल्या.

हे मी पायरीवर बसून सौ.ला समजावून सांगत होतो, तेव्हा तिने मला मधेच थांबवलं. “आपल्या सोसायटीतल्या त्या बाई गणपतीत उकडीचे मोदक करून देतात ना, चाळीस रुपयांना एक. गेल्या वर्षी सगळ्याजणी काय म्हणाल्या? एवढासा मोदक आणि चाळीस रुपये! नुसतं तांदूळ नि खोबरं तर आहे. आणि त्याच बायका केकला बाराशे देऊन आल्या होत्या.” यावर पुस्तकातून काही उत्तर निघण्यासारखं नव्हतं. आम्ही उरलेला टार्ट अर्धा अर्धा केला.

त्यानंतर आम्ही त्या दुकानात सात-आठ वेळा तरी गेलो. मधली बाई आम्हाला ओळखायला लागली का? मुळीच नाही. किंवा लागली असेल, पण तिने ते कळू दिलं नाही. एकदा सौ.ने खुणेने, बोटांच्या चिमटीने चुण्या घालून दाखवल्या आणि हे तुम्हीच करता का, असं विचारलं. कलावंताची मुलाखत घेण्याचा तो एकमेव प्रयत्न. बाईने आत, वाफेच्या पलीकडे, हनुवटीने दाखवलं. तिथे पांढरी टोपी घातलेली एक म्हातारी पाठमोरी उभी होती आणि तिची कोपरं तेवढी हलताना दिसत होती. ‘नेक्स्ट!’

आणि शेवटच्या खेपेला भाव वाढले होते. पुठ्ठ्यावरच्या चारवर काट मारून कुणीतरी साडेचार लिहिलं होतं. आमच्या पुढे दोन आज्या. पहिलीने तो आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला आणि तोंड सोडलं. कँटनी भाषेला नऊ सूर असतात असं म्हणतात, ते नऊही त्यात आले असावेत. दुसरी तिला सामील झाली. आणि तेव्हा, पहिल्यांदाच, मधली बाई दोन शब्दांहून जास्त बोलली. चांगली मिनिटभर बोलली. आतल्या बाजूला हात करून बोलली, स्वतःच्या मनगटाकडे दाखवून बोलली, दाराबाहेरच्या रांगेकडे हात करून बोलली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही, पण दादरला फुलवाल्या बाईशी घासाघीस केलेल्या माणसाला ते सगळं तोंडपाठ असतं. सौ., जी भाजीवालीला दहा रुपये सोडत नाही, ती माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, “बरोबर आहे तिचं.”

दोन्ही आज्यांनी निषेध म्हणून नेहमीपेक्षा एकएक हार गाव कमी घेतली. बोलणं चाललेलं असताना बाईचा हात थांबलेला नव्हता; खोकी बांधून झालेली होती.

“नेक्स्ट!”

सौ.ने बोटं वर केली आणि सहा सांगितल्या.